आक्कांची लिहायची रीत

तू विचारलंस, "सांगलीत मुलांच्या कामातलं कुणीही भेटलं की आक्कांचं नाव निघतं. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या नेमकं काय वेगळं करायच्या? माझा पहिला सामाजिक तपासणी अहवाल पुढच्या आठवड्यात द्यायचाय, त्यासाठी त्यांच्याकडून काय घेऊ?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. हा अहवाल म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती तपासून लिहिलेला कागद. तो लिहिताना आक्का एक गोष्ट धरून बसायच्या: हा कागद हे पोर मोठं होऊन वाचणार आहे. मुलानं कुठे राहायचं ते ठरवणारी बाल कल्याण समिती वाचेल, संस्थेचे अधीक्षक वाचतील, उद्या कोर्टातही जाईल. पण ज्याच्यासाठी लिहायचं तो वाचक अजून नऊ वर्षांचा आहे आणि आत्ता बाहेर व्हरांड्यात बसलाय. एवढं डोक्यात पक्कं असलं की माणूस घरभेटीला वेगळा जातो, वेगळे प्रश्न विचारतो, आणि काही शब्द त्याच्या पेनातून उतरतच नाहीत.

आक्का जत तालुक्यातल्या, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावच्या. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. १९८८ साली आमच्या मुलांच्या संस्थेत काळजीवाहिका म्हणून लागल्या. मुलांची डोकी धुणं, गाद्या वाळत घालणं, रात्रपाळी, हे सगळं करत त्या शिकल्या आणि परिविक्षा अधिकारी, म्हणजे घरभेटी करून असे अहवाल लिहिणाऱ्या, झाल्या. मी १९९६ साली रुजू झाले. तेव्हापासून २०१४ साली त्या निवृत्त होईपर्यंत आमची टेबलं शेजारी होती. त्यांना 'मॅडम' कुणीच म्हणालं नाही. पोलीस, मुलं, समितीचे सदस्य, सगळ्यांच्या त्या आक्काच. गेल्या श्रावणात त्या गेल्या, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी पहिल्यांदाच सलग लिहायला बसलेय. पुढे मुलांबद्दल जे सांगेन त्यात ओळख पटेल असा तपशील बदललाय. मुलांची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहेच, पण आक्कांनाही ते चाललं नसतं.

रुजू होऊन वर्ष झालं असेल. विट्याच्या स्टँडवर सापडलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. पोलिसांना त्यानं एक नाव सांगितलं, अधीक्षकांना दुसरं, मला तिसरं. मी अहवालात लिहिलं, 'मुलास खोटे बोलण्याची सवय आहे.' आक्कांनी कागद वाचला. रागावल्या नाहीत.

"नावं किती सांगितली त्यानं?"

"तीन."

"मग तीन लिही. खोटं कुठलं ते तुला अजून ठाऊक न्हाय."

दहा दिवसांनी गाव लागलं. आजोळी ठेवलेलं नाव एक. शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. आईनं दुसरं घर केल्यावर तिथल्या माणसानं ठेवलेलं तिसरं. तिन्ही खरी होती. मी अहवाल पुन्हा लिहिला, पण पहिला कागद काढून टाकता आला नाही, कारण त्यावर आवक क्रमांक पडला होता. ते वाक्य माझ्या सहीनिशी अजून कुठल्या तरी कपाटात आहे. तो मुलगा आता चाळिशीजवळ आला असेल. त्यानं ते वाचलं नसेल अशी आशा करण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

आक्का लागल्या तेव्हा १९८६चा बाल न्याय कायदा चालू होता. त्यात मुलांचे दोन गट, 'उपेक्षित' आणि 'अपराधी'. २००० सालच्या कायद्यानं 'अपराधी' शब्द काढला आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी 'विधी संघर्षग्रस्त बालक' आणला. २०१५च्या कायद्यात तर तिसऱ्याच कलमात, मूलभूत तत्त्वांमध्ये, मुलाला डाग लागेल अशी भाषा वापरू नये असं लिहिलंय. हे सगळं यायच्या आधीपासून आक्कांच्या फायलींत 'पळून गेला'च्या जागी 'घरातून निघाला' असतं. 'आई बदचालीची' हे गावात दहा जणांनी सांगितलं तरी त्यांच्या अहवालात नसायचं. त्या लिहायच्या, 'आई सकाळी सहाला द्राक्षबागेत कामाला जाते, संध्याकाळी सातला येते. घरात दुसरे मोठे माणूस नाही.' मी एकदा म्हटलं, लोक सांगतात ते लपवतोय का आपण? त्यावर त्यांचं म्हणणं असं की लोकांनी सांगितलेलं हे लोकांविषयी असतं. तपासायला आलोय ते पोराला कोण खाऊ घालतं, कोण मारतं, रात्री ते कुणाशेजारी झोपतं. ज्या माणसामुळे पोराला खरंच धोका आहे त्याचं नाव त्या ठळक अक्षरात लिहायच्या. तिथे त्यांनी कधी हात आखडला नाही.

हे शब्दांचं झालं. पण शब्दांच्या आधी पोरानं बोलायला पाहिजे, आणि त्यात त्यांचा हात धरणारं मी अजून पाहिलेलं नाही.

मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी बाजूंनी गाड्या येतात. घरातून निघालेलं पोर म्हणून तिथे उतरतं. रात्री-अपरात्री रेल्वे पोलिसांचा फोन यायचा. आपल्याकडे पद्धत काय, तर पोर समोर आलं की नाव, गाव, वडिलांचं नाव, फोन नंबर. पोलीस तेच विचारतात, स्टेशन मास्तर तेच, आपणही तेच. चौथ्यांदा विचारल्यावर पोर गप्प बसतं, आणि आपण लिहितो, 'सहकार्य करत नाही.' आक्का जाताना भडंगाचा पुडा न्यायच्या. बाकावर बसायच्या, पुडा फोडून मधे ठेवायच्या आणि आधी स्वतः खायला लागायच्या. नाव विचारायच्याच नाहीत. थोड्या वेळानं सहज, "तुमच्यात भाकरी ज्वारीची का बाजरीची?"

हा साधा प्रश्न नाही. ज्वारीची म्हणालं तर जत, आटपाडी, पलीकडे सोलापूर-विजापूर. बाजरीची म्हणालं तर माण-खटाव. भात आणि नाचणी म्हणालं की पाटण, कोयनेकडचा डोंगर. मग, "जत्रा कुणाची असती रं गावात?" बिरोबा म्हणालं की आरेवाडीचा पट्टा, सिद्धनाथ म्हणालं तर खरसुंडी का म्हसवड ते विचारायचं, काळूबाई म्हणालं तर मांढरदेवाकडे बघायचं, बगाडाचं नाव निघालं तर वाईजवळचं बावधन. गावाचं नाव सांगायला घाबरणारं पोर देवाचं नाव सांगताना घाबरत नाही. एस.टी. गावात येते का फाट्यावर उतरून चालावं लागतं, शाळेच्या शर्टाचा रंग कुठला, पाणी टँकरचं का विहिरीचं, असं करत अर्ध्या तासात त्या तालुक्यापर्यंत पोचायच्या.

एकदा एक मुलगा दोन दिवस एक अक्षर बोलला नव्हता. सोबतच्या कागदावर 'मूकबधिर असावा' असं लिहून आलं होतं. आक्का सुटीवरून परतल्या, त्याच्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. पोरानं मान वर केली आणि जो बोलत सुटला तो थांबेना. विजापूरच्या पलीकडचा. बहिणीच्या गावाला जायचं म्हणून चुकीच्या गाडीत बसलेला. त्याला मराठी येत नव्हतं, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून बघावं हे आम्हा कुणाला सुचलं नव्हतं.

मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं, हे तुला प्रशिक्षणात सांगितलं असेल. त्या चोवीस तासांतला पहिला अर्धा तास आक्का काहीच न विचारता घालवायच्या. नव्या माणसाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझं ऐक, तो घालव.

अंगावरच्या कपड्यांचंही तसंच. संस्थेत आलेल्या मुलाला अंघोळ घालून दुसरे कपडे देतात, आणि जुने मळके म्हणून फेकून देतात. आक्का ते धुऊन, कापडी पिशवीत घालून, वर केस नंबर आणि तारीख लिहून ठेवायच्या. एका चार वर्षांच्या मुलीला 'आई' आणि 'पप्पू' यापलीकडे काही सांगता येत नव्हतं. तिच्या परकराच्या नाडीला सुई-दोऱ्यानं शिवलेला एक ताईत होता आणि भावाचा म्हणून घातलेल्या शर्टाच्या कॉलरमागे शिंप्याची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. पाचव्या दिवशी आई दारात उभी होती. तुमच्याकडे आता ऑनलाइन पोर्टल आहेत, फोटो क्षणात देशभर जातो, चांगलं आहे. तरी पिशवी ठेव.

आता घरभेटीचं सांगते, कारण तुझा अहवाल तिथेच अडणार आहे. नमुना २२, म्हणजे या अहवालाचा छापील नमुना, त्यात रकाने भरपूर आहेत: उत्पन्न, घराचा प्रकार, व्यसनं, शेजाऱ्यांचं मत. दुपारी बाराला जाऊन, ओट्यावर बसून, चहा घेऊन ते सगळे भरता येतात. आक्का अशी घरभेट मानायच्या नाहीत. घरातली माणसं ज्या वेळी घरात असतात त्या वेळी जायचं, हा त्यांचा नियम.

ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये मी तो नीट शिकले. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कडेगावच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या येतात. आपल्या जत तालुक्यातलीही माणसं कोयता घेऊन निघतात. तोडीला अंधारातच बाहेर पडतात. दुपारी खोपीवर गेलीस तर सहा-सात वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली दिसेल, आणि तू लिहिशील 'पालकांचे दुर्लक्ष'. आक्का संध्याकाळी जायच्या, उसाची वाहनं कारखान्याला रवाना झाल्यावर, चुली पेटल्यावर. मग दिसायचं की आई भाकऱ्या थापतेय, एक पोर तिच्या पाठीला चिकटलंय, बाप पायातली कुसळं काढतोय आणि मधल्या मुलाला जवळ घेऊन बसलाय. दुर्लक्ष नसतं. पाळणाघर नसतं, शाळा नसते, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. हा फरक अहवालात आला नाही तर समिती पोराला संस्थेत ठेवते, आणि आई हंगाम संपेपर्यंत हेलपाटे घालते. एक घातला की एक दिवसाची मजुरी गेली.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला चौदा-पंधराची पोरगी करून दिली की घरात एक कोयता वाढतो. बालविवाहाच्या मागे अडाणीपणाच असतो असं समजून भाषण द्यायला गेलीस तर कुणी ऐकणार नाही. हा हिशेब आधी समजून घे. बालविवाहाविरुद्ध २००६चा कायदा आहे, गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, कोर्टाकडून मनाईही आणता येते. आक्कांनी किती लग्नं थांबवली हे लोक कौतुकानं सांगतात. त्यांना स्वतःला त्या आकड्याचं काही वाटत नव्हतं. "लग्न थांबवायला एक दिवस लागतोय. फुडं तीन वर्सं पोरगी कुठं ठेवायची ते बोला," असं त्या भर बैठकीत म्हणायच्या. वसतिगृहाचा अर्ज, शाळेचा दाखला, आजीकडे राहायची सोय, सगळं त्याच आठवड्यात. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. त्यात अशा प्रत्येक मुलीपुढे तिला अठरा पूर्ण होतील ती तारीख लिहिलेली, आणि दर चार-सहा महिन्यांनी त्या मुलीची खबर. काही नावांपुढे 'लग्न लावले, कळवले नाही' असंही आहे. तेही त्यांनी लिहून ठेवलंय.

खानापूर-आटपाडीकडचं वेगळं. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला, देशभर पसरलेली. पोरं म्हाताऱ्यांकडे. अशा एका आजीकडून नातवाला काढून संस्थेत ठेवावं असा सगळ्यांचा कल होता: घर गळकं, आजीला दिसत कमी, उत्पन्न नाही. आक्कांनी अहवालात लिहिलं की मुलगा रोज रात्री आजीला पेपर वाचून दाखवतो, आणि तो कुठल्या पानावर अडखळतो ते आजीला पाठ आहे. समितीनं मुलाला आजीकडेच ठेवलं आणि सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मदत लावून दिली. तेव्हा ती रक्कम फार तुटपुंजी होती. आता महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गरिबी हे मूल घरातून काढायचं कारण होऊ शकत नाही. संस्था हा शेवटचा उपाय, हे कायद्यात आहेच. पण समितीला ते त्या एका घरापुरतं दाखवून द्यावं लागतं, आणि ते काम आपल्या अहवालाचं असतं.

त्यांच्याकडून काही चुकलंच नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. वेळेच्या बाबतीत त्या सगळ्यांना जेरीस आणायच्या. पंधरा दिवसांची मुदत असली की अहवाल पंधराव्या दिवशी संध्याकाळी. 'केस निकाली काढा' म्हणून वरून फोन येत असायचे आणि आक्का तिसऱ्यांदा गावाला निघालेल्या असायच्या. माझं यावर त्यांच्याशी भांडण झालंय. कारण इकडे मूल रोज दाराकडे बघत असतं, त्याच्यासाठी एकेक दिवस मोठा असतो. या बाबतीत मी अजूनही त्यांच्या बाजूची नाही.

आणि एक मुलगी होती. आक्कांच्या अहवालावरून तिला मावशीकडे पाठवलं. दोन महिन्यांत ती परत आली, आणि ज्या अवस्थेत आली ते इथे लिहीत नाही. गुन्हा नोंदला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, पोक्सो, लागला. जबाब घ्यायला आलेल्या महिला अधिकाऱ्यांना आक्कांनी फाटकातच थांबवलं आणि गणवेश बदलून यायला सांगितलं. कायद्यात तसंच आहे, पण सांगतं कोण. त्या रात्री त्यांनी पुरवणी अहवाल लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'माझ्या मागील अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता. मी मावशीशी दोनदा बोलले, मावशीच्या नवऱ्याशी बोलले नाही.' असं कुणी सरकारी कागदावर लिहीत नाही. चौकशी लागू शकते. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "ती मोठी हुईल तवा तिला वाटायला नगं की चूक तिची हुती."

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. मुलांना आधीच हलवलं होतं, पण तळमजल्यावरचं रेकॉर्ड भिजलं. पाणी ओसरल्यावर आक्का घरून दोऱ्या आणि कपड्यांचे चिमटे घेऊन आल्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली, गुडघे दुखत होते. वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून एकेक पान वाळत घातलं. आठ दिवस आम्ही तेच करत होतो. शाई पसरलेली पानं त्या आठवून आठवून माझ्याकडून पेन्सिलीनं पुन्हा लिहून घ्यायच्या. काही गेलीच.

त्यानंतर तीन वर्षांनी एक तरुण आला. नोकरी करणारा, नीटनेटका. लहानपणी तो आणि त्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे होते. स्वतःची फाईल बघायची होती. रीतसर अर्ज केला, समितीनं परवानगी दिली. मी समोर बसले होते. पानांवर चिखलाचे पिवळे डाग. तो बोट ठेवून सावकाश वाचत होता. एका ठिकाणी थांबला आणि ते वाक्य त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'मुलगा लहान भावाला कडेवर घेऊनच माझ्याशी बोलला. बोलत असताना त्याने भावाच्या तोंडावरच्या माश्या तीन वेळा वारल्या.' तो म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं मी त्याला सोडून पळालो होतो. घरात सगळे तसंच म्हणायचे." त्यानं ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. मी त्याला आक्कांचा नंबर दिला. दोघं काय बोलले ते आक्कांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तुझ्या घरभेटीचं. गाव जतकडचं आहे म्हणालीस. सध्या ज्वारीची काढणी चालू असेल, दिवे लागल्याशिवाय घरात कुणी भेटणार नाही. दुपारच्या एस.टी.नं जा, मुक्काम कर. अंगणवाडी सेविकेला आधी फोन कर, तिच्याकडे जेवायखायची सोय होईल, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. पण तिचं ऐकून लगेच लिहू नकोस. घरातल्या प्रत्येक माणसाशी वेगळं बोल, पुरुषांशीसुद्धा, आणि जो टाळेल त्याच्यासाठी सकाळी पुन्हा जा. पोराचं अंथरूण कुठे घालतात ते बघून घे. परत आलीस की अहवालाचा कच्चा कागद आवकला द्यायच्या आधी मला फोनवर वाचून दाखव. रात्री नऊनंतर कर, मी जागी असते.